दोन शॉटांच्या मधलं पान

रावेरला आम्ही केळी घेऊन गेलो,
हे आधीच सांगून टाकते.
गोरेगावहून ट्रक निघाला, आत प्लॅस्टिकची चाळीस झाडं,
प्रत्येकाला बबलरॅपचा परकर.
सावद्याच्या वळणावर समोरून आलेल्या केळीच्या गाड्यांनी
आमच्या ड्रायव्हरला बाजू दिली,
पाहुण्यांना देतात तशी.

कारण साधं होतं. खरं पान वाऱ्याला टिकत नाही.
सकाळी अखंड, दुपारी चिंध्या.
आणि मी कंटिन्युइटीची बाई.
सकाळ नि दुपार यांच्यात
काही घडलंच नाही, असं दाखवायचं माझं काम.
कपात चहा तेवढाच. पदर त्याच खांद्यावर.
घड्याळाला किल्ली द्यायची नाही.

सुपडूदादा फेगडे बांधावर उभे. शेत त्यांचं, भाडं ठरलेलं.
एक पान त्यांनी चिमटीत धरलं, हुंगलं.
"रॉकेलचा वास येऊ राह्यला," म्हणाले,
"याच्यावर भरीत वाढलं त माणूस पेटीन ना भो."
लाइटवाला रईस हसला, मग मीही.

दहा वाजता ती पानं चकाकायला लागली.
कॅमेरामनने तीनदा पावडर मारली,
चौथ्यांदा शिवी दिली.

तेव्हा दादा म्हणाले,
"घड कापेल केळी उभ्या हायेत पलीकडं.
खोडं पाडाचीच हायेत, दोन दिवस थांबतो.
फक्त बुडाशी पिलं हायेत.
तेवढी पायाखाली घेऊ नका."

शंभर पावलं होती.
शंभर पावलांसाठी पाऊण तास मीटिंग झाली.

सीन चौतीस, शॉट दोन: नायिकेमागे पान, अखंड, हिरवं,
उन्हात शिरा दिसतायत.
मग जेवण. शेवभाजी, कळण्याची भाकरी,
थर्माकोलच्या ताटल्या मी मोजल्या: सत्त्याऐंशी.
(पलीकडे पानांचं अख्खं रान. वहीत तेही लिहिलं,
पुढं प्रश्नचिन्ह काढून.)
मग तापीकडून वारा सुटला.

शॉट पाच: तेच पान, तीन ठिकाणी फाटलेलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
कोणी म्हणालं, टेप लावा. कोणी म्हणालं,
ट्रकमधलं एकच आणा, कुणाला कळतंय.
दादा बिडी विझवत म्हणाले,
"बाई, वाऱ्याले काय ठाऊक तुमची शूटिंग?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं, राहू दे.
आवाज माझाच होता का, हे वळून पाहिलं.
दिग्दर्शकाने टोपी काढली, घातली,
मग नायिकेला एक वाक्य जास्तीचं दिलं:
"वारा सुटला वाटतं."
तिने ते पानाकडे बघून म्हटलं. ओके टेक.

सगळं असं सुटलं नाही.
रात्रीच्या सीनला मी पंपाची लाइन मागितली.
शेतीची लाइट इथं रात्रीच येते,
आम्ही घेतली असती तर पिलं तहानली असती.
दादा नाही म्हणाले नाहीत. गप्प बसले.
मी जनरेटर चालू करायला लावला.
वहीत लिहिलं: डिझेल, एकशे दहा लिटर.
पान उलटताना कागदालाही तो वास.

चाळीस झाडं आली तशी परत गेली,
अडतीस तर उघडलीसुद्धा नव्हती.
गोदामवाल्याने सही करून घेतली: माल सुस्थितीत.

एपिसोड लागला. फाटलेल्या पानाबद्दल
एकाही प्रेक्षकाने काही विचारलं नाही.
मी मात्र ते तीन सेकंद
चार वेळा मागे नेऊन पाहिले.

परवा दादांचा फोन.
"तुमच्या सीनमधलं पिल निसवलं, बाई.
कमळ बाहेर आलंय."
फोटो पाठवा म्हटलं.
नातवाने पाठवला, थोडा तिरका, कोपऱ्यात त्याचं बोट.
जांभळं कमळ आहे,
आणि वरचं पान
आत्ताच फाटलेलं आहे.